गरोदरपणातली खाज : दर वेळी दोष उसाच्या कुसळांचा नसतो

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



या पत्रकातून आम्ही एरवी बेणेमळा, लागण, खोडव्याची निगा, पाणी आणि खत यांविषयी लिहितो. या अंकातला पाठ निराळा आहे. गरोदर बाईला सातव्या महिन्यानंतर अंगावर पुरळ नसताना जी खाज सुटते, तिच्याविषयी चार गोष्टी आम्ही सांगणार आहोत.

शेतकी खात्याने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. आपल्या भागात अशी खाज सुटली की पहिले नाव उसाचे घेतले जाते. "वाढ्याचा भारा आणला होता, कुसळं लागली असतील." "पाचटात बसली होती, दुसरं काय?" उसाचेच नाव आले म्हटल्यावर आम्हाला बोलणे भाग आहे. कुसळांनी खाज कशी येते, कुठे येते आणि किती वेळ राहते, हे आम्हाला आणि तुम्हालाही पुरते ठाऊक आहे. जी खाज कुसळांची नाही तिच्यावर कुसळांचा शिक्का मारून आपण स्वस्थ बसलो, तर पोटातल्या बाळाच्या जिवावर बेतू शकते.

आम्ही डॉक्टर नव्हे. औषधपाण्याचा भाग डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचना आणि प्रसिद्ध झालेले अभ्यास वाचून येथे मांडला आहे. उपचार मात्र तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

शेतातली खाज आणि ही खाज

उसाची कुसळे जिथे टोचतात तिथेच खाज येते. मनगट, कोपरापर्यंतचा हात, मान, पोटऱ्या या त्यांच्या जागा. कातडी लाल होते, चुरचुरते. अंघोळ केली, खोबरेल लावले की काही तासांत आराम पडतो. गाजर गवताची बाधा झाली तर उघड्या अंगावर पुरळ उठते, कातडी जाड व खरबरीत होते. घामोळ्याचे बारीक दाणे दिसतात. खरूज असेल तर बोटांच्या बेचक्यांत फोड येतात आणि बहुधा घरातले आणखी कोणीतरी खाजवत असते. काही गरोदर बायांच्या पोटावर, कातडी ताणून पडलेल्या रेघांवर लाल पुरळ येते. त्याचा त्रास होतो, पण बाळाला त्यापासून धोका नसतो.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. कातडीवर काहीतरी दिसते.

आपण बोलतो आहोत त्या खाजेत कातडीवर पहिल्याने काहीच दिसत नाही. पुढे जे ओरखडे दिसतात ते बाईने स्वतः खाजवल्याचे असतात. ही खाज पुष्कळदा तळहात आणि तळपायांपासून सुरू होते, मग सर्वांगाला पसरते. दिवसा कामात थोडा विसर पडतो. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ती वाढते. बाई उठून गार फरशीवर तळपाय घासत बसते, झोप लागत नाही. बहुधा २८ आठवड्यांनंतर, म्हणजे सातवा महिना सरताना, हे सुरू होते. क्वचित त्याच्या आधीही होते. आणि मुख्य म्हणजे, जिने महिनाभर शेताचा बांध ओलांडला नाही तिलाही ही खाज सुटते.

म्हणून घरच्यांनी तीन प्रश्न विचारावेत. अंगावर पुरळ आहे का? तळहात-तळपायांना खाज आहे का? रात्री वाढते का? पहिल्याचे उत्तर 'नाही' आणि पुढच्या दोहोंचे 'होय' असे आले, तर खोबरेलाची बाटली बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. तिन्ही उत्तरे अशी जुळली नाहीत तरी पुरळाशिवाय खाज टिकून असेल, तर दाखवणे बरे. गरोदरपणात खाजणाऱ्या प्रत्येक बाईला हा आजार असतो असे नाही. कित्येकींची खाज साधी निघते. पण साधी कोणती आणि धोक्याची कोणती, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. ते रक्त सांगते.

'पित्त' या शब्दाचा घोटाळा

या आजाराला डॉक्टर 'इंट्राहेपॅटिक कोलेस्टॅसिस ऑफ प्रेग्नन्सी' म्हणतात. कागदावर 'आय.सी.पी.' किंवा नुसते 'कोलेस्टॅसिस' असे लिहिलेले आढळेल. मराठीत सांगायचे तर गरोदरपणात यकृतातले पित्त तुंबणे.

आता पित्त म्हटले की आपल्याकडे दोन अर्थ निघतात. छातीत जळजळ, आंबट ढेकर म्हणजे 'पित्त झाले'. अंगावर लाल गांधी आल्या म्हणजे 'पित्त उठले', मग आमसुलाचे पाणी लावायचे. या आजारातले पित्त या दोहोंपैकी एकही नव्हे. डॉक्टरांनी 'पित्ताचा त्रास आहे' असे सांगितले आणि घरी येऊन आमसूल चोळले, तर सांगणारा एक बोलला आणि ऐकणाऱ्याने भलतेच ऐकले असे होईल.

यकृत हिरवट-पिवळा पित्तरस तयार करते. हा रस नळ्यांतून आतड्यात उतरतो आणि तेलातुपाचे पचन करतो. त्यातला मुख्य घटक म्हणजे पित्ताम्ले. गरोदरपणाच्या उत्तरार्धात बाईच्या अंगातील संप्रेरकांचे प्रमाण पुष्कळ वाढते. काही बायांचे यकृत मुळातच अशा घडणीचे असते की, या वाढीमुळे पित्तरस बाहेर पडण्याचा वेग मंदावतो. सरी तुंबली की पाणी बांध फोडून भलत्या वाफ्यात शिरते, तसेच येथे होते. आतड्यात जायची पित्ताम्ले रक्तात शिरतात. खाज ही त्याचीच खूण.

आईच्या रक्तातली पित्ताम्ले वारेतून बाळाकडेही जातात. ती फार वाढली तर बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, असे संशोधक मानतात. बाळ पोटातच शी करते, दिवस भरण्याआधी कळा सुरू होतात, आणि आजार तीव्र असेल तर बाळ पोटात अचानक दगावूही शकते. आईला खाजेने हैराण व्हावे लागते, पण तिच्या जिवाला या आजाराने सहसा धोका नसतो. धोका आहे तो बाळाला. घरात याचे गांभीर्य पटत नाही ते यामुळेच. बाई चालती-फिरती असते, जेवते-खाते, ताप नाही. मग नुसत्या खाजेसाठी दवाखाना कशाला, असे वाटते.

हा आजार दुर्मिळ म्हणून सोडून द्यावा असाही नाही. ब्रिटनमध्ये १००० गरोदर बायांमागे सुमारे ७ जणींना तो होतो. तिथल्याच भारतीय व पाकिस्तानी वंशाच्या बायांत हे प्रमाण १००० मागे १२ ते १५ आहे. म्हणजे आपल्या रक्तामांसात त्याची ओढ थोडी अधिक आहे. आई किंवा बहिणीला झाला असेल, आधीच्या खेपेस झाला असेल, पोटात जुळे असेल, तर शक्यता आणखी वाढते.

तपासणी कोणती करायची

माती परीक्षण न करता खताचा हिशेब सांगू नका, असे आम्ही तुम्हाला नेहमी सांगतो. येथेही तोच नियम.

दोन तपासण्या मागाव्यात. पहिली, यकृताच्या कार्याची तपासणी, जिला 'एल.एफ.टी.' म्हणतात. तिच्यात एस.जी.पी.टी. आणि एस.जी.ओ.टी. हे आकडे येतात. ही तालुक्याच्या गावी सहज होते. दुसरी, रक्तातील एकूण पित्ताम्लांची, म्हणजे 'टोटल बाइल ॲसिड्स'ची. ही सगळीकडे होत नाही. पुष्कळ ठिकाणी रक्त घेऊन मोठ्या शहरातील प्रयोगशाळेकडे पाठवतात आणि अहवाल यायला वेळ लागतो. तरी ती टाळू नये, कारण बाळाला धोका किती हे मुख्यतः हाच आकडा सांगतो. एल.एफ.टी. ठीक आली म्हणून हा आजार नाही असे ठरत नाही.

एल.एफ.टी.च्या कागदावर 'अल्कलाइन फॉस्फटेज' नावाचा आकडा वाढलेला दिसला तर घाबरू नये. गरोदरपणात वारेमुळे तो एरवीही वाढतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कधी कधी खाज आधी सुटते आणि रक्तातला फरक काही दिवसांनी दिसतो. पहिला अहवाल चांगला आला, पण खाज गेली नाही, तर डॉक्टरांना सांगून आठवड्या-दोन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करून घ्यावी. एकदा आजार ठरला की आकडा वाढतो आहे का हे पाहण्यासाठीही ती पुन्हा पुन्हा करावी लागते. त्याबरोबर रक्तदाब व लघवीची तपासणी चुकवू नये. या बायांत रक्तदाबाचा विकार आणि गरोदरपणातला मधुमेह अधिक आढळतो, आणि ही दुखणी जोडीला आली की बाळाचा धोका वाढतो.

आकड्यांचा अर्थ

२०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनेक देशांतील बायांची माहिती त्यात एकत्र केली होती. पोटात एकच बाळ असलेल्या बायांचा हिशेब असा निघाला.

पित्ताम्लांचा आकडा ४० च्या खाली राहिलेल्या २३१० बायांत ३ बाळे पोटात दगावली. ४० ते ९९ असलेल्या १४१२ बायांत ४. आणि आकडा १०० किंवा त्याहून वर गेलेल्या ५२४ बायांत १८.

हे आकडे नीट वाचा. पहिल्या दोन गटांत धोका हजारात एक ते तीन, म्हणजे एरवीच्या गरोदरपणात असतो त्याच्या जवळपास. तिसऱ्या गटात मात्र शंभरात तीनहून अधिक. तेव्हा आजार ठरला म्हणजे बाळ जाणारच, अशी धास्ती घेण्याचे कारण नाही. बहुतेक बाळे सुखरूप जन्मतात. पण आपली सून किंवा लेक कोणत्या गटात आहे हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. खाज जास्त म्हणजे आकडा जास्त, असेही नसते. थोडे खाजणारीचा आकडा शंभरावर निघू शकतो.

ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०२२ साली या आजारासंबंधी सूचना काढल्या. त्यांच्या हिशेबाने आकडा १९ ते ३९ असेल तर सौम्य, ४० ते ९९ मध्यम आणि १०० व त्यापुढे तीव्र. आपल्याकडच्या काही प्रयोगशाळा १० च्या वरचा आकडा वाढलेला धरतात. अहवालावर काय छापले आहे ते डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

तोडणीची वेळ आणि लागणीची तारीख

आता या पाठातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. या आजारात बाळाला वाचवण्याचा मुख्य उपाय म्हणजे बाळंतपण योग्य वेळी करणे.

ऊस कोवळा तोडला तर उतारा पडत नाही, आणि फार दिवस उभा ठेवला तर वजन व साखर दोन्ही घटतात. म्हणून आम्ही रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फडात येतो आणि ब्रिक्स पाहून तोडणीचा क्रम लावतो. बाळाची गोष्ट उसाहून कितीतरी नाजूक; पण वेळेचे तत्त्व तेच आहे. लवकर जन्मलेल्या बाळाची फुप्फुसे कच्ची असतात, त्याला श्वास घेणे जड जाते. उशीर केला तर तीव्र आजारात पोटातच घात होण्याची भीती.

त्या २०२२ च्या सूचनांप्रमाणे सौम्य आजारात ४० आठवड्यांपर्यंत, मध्यम आजारात ३८ ते ३९ आठवड्यांत आणि तीव्र आजारात ३५ ते ३६ आठवड्यांत बाळंतपण करण्याचा विचार होतो. अमेरिकेतील तज्ज्ञ आकडा १०० वर असल्यास ३६ आठवड्यांची वेळ सुचवतात. जुळे असेल किंवा रक्तदाबाचा विकार जोडीला असेल, तर हा हिशेब बदलतो. नेमकी तारीख डॉक्टर ठरवतील. त्यांनी "या आठवड्यात दाखल व्हा" म्हटले, तर "अमावास्या झाल्यावर येतो" किंवा "ऊस गेला की येतो" असे करू नये.

हा सगळा हिशेब आठवड्यांचा असल्यामुळे सुरुवातीची तारीख पक्की हवी. लागणीची तारीख नोंदवहीत चुकीची पडली तर तोडणीचा सगळा क्रम चुकतो, आणि मग आपण गटप्रमुखाशी भांडतो. तशीच येथे शेवटच्या पाळीची तारीख. "संक्रांतीच्या आसपास" असे सांगून चालत नाही. पाळी चुकताच तारीख लिहून ठेवावी, आणि पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी करून घ्यावी. तिच्यावरून दिवस बरोबर कळतात. पुढे ३६ वा आठवडा की ३८ वा, यावर बाळाचे भवितव्य ठरायचे असेल, तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो.

लोक विचारतात, सोनोग्राफी चांगली आहे, बाळाचे ठोके चांगले आहेत, मग घाई कशाला? त्याचे उत्तर असे. या आजारात बाळ हळूहळू खंगत नाही. घात व्हायचा तर अचानक होतो. आजचे ठोके चांगले असले म्हणून उद्याची हमी मिळत नाही. म्हणून आकडा आणि आठवडा पाहून निर्णय घ्यावा लागतो.

आजार आहे म्हणजे पोट फाडावेच लागेल, असेही नाही. कळा आणून नेहमीच्या वाटेने बाळंतपण करता येते. आजार तीव्र असेल तर बाळंतपण जिथे नवजात बाळांची अतिदक्षता सोय आहे अशा रुग्णालयात व्हावे, आणि कळा चालू असताना बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष असावे.

गोळ्या, मलम आणि घरचे उपाय

या आजारात डॉक्टर बहुधा 'अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड' नावाच्या गोळ्या देतात. हे औषध पुष्कळ वर्षांपासून वापरात आहे. ते बाळाला वाचवते का, हे पाहण्यासाठी इंग्लंड व वेल्समधील ३३ रुग्णालयांत ६०५ बायांवर चाचणी झाली आणि २०१९ साली तिचा निष्कर्ष बाहेर आला. निम्म्या बायांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. बाळांच्या बाबतीत दोन्ही गटांत म्हणावा असा फरक पडला नाही. खाज थोडी कमी झाली, तीही किंचित.

याचा अर्थ डॉक्टरांनी दिलेली गोळी टाकून द्यावी असा नाही. कित्येक देशांतले डॉक्टर खाजेसाठी ती आजही देतात. अर्थ एवढाच, की गोळी सुरू आहे म्हणून पुढची तपासणी आणि ठरलेली तारीख टाळू नये. निचरा तुंबलेल्या रानात पाने पिवळी पडली म्हणून नुसती फवारणी केली, तर चार दिवस रंग बरा दिसतो, रान मात्र तसेच राहते.

खाजेवर आराम पडावा म्हणून गार पाण्याने अंघोळ, सैल सुती कपडे, नखे बारीक कापणे आणि डॉक्टरांनी सांगितलेले मेंथॉलचे मलम, हे उपाय चांगले. झोप लागावी म्हणून रात्रीची गोळी लागल्यास तीही त्यांच्याकडूनच घ्यावी. मेडिकल दुकानातून खाजेचे कोणतेही मलम उचलून आणू नये. काविळीचा पाला, काढे, 'लिव्हरचे टॉनिक' स्वतःच्या मनाने देऊ नये. शेतीच्या औषधांचे हात लागलेले कपडे तिला धुवायला देऊ नयेत. त्याने हा आजार होत नाही, पण गरोदर बाईला ते अपायकारक आहे.

डोळे पिवळे झाले तर

या आजारात लघवी गडद आणि शौच फिकट होऊ शकते. डोळे पिवळे होणे मात्र क्वचित घडते. म्हणून गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले, भूक गेली, उलट्या सुरू झाल्या किंवा ताप आला, तर दुसरा आजार असू शकतो आणि तो आईच्याही जिवावर उठू शकतो. त्यांतला मुख्य म्हणजे दूषित पाण्यातून येणारी हेपॅटायटिस-ई ही कावीळ. २०१२ साली इचलकरंजीत तिची मोठी साथ आली होती. एरवी धडधाकट माणूस तिच्यातून बरा होतो. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ती फार घातक ठरते.

अशा वेळी काविळीची माळ घालणे, नाकात रस पिळणे, कोणाकडून तरी 'कावीळ उतरवून घेणे' यांत दिवस घालवू नयेत. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली दुखणे, अंगावर एकाएकी सूज, गुंगी येणे, यांपैकी काही दिसले तर त्याच तासाला १०८ ला फोन करावा. दोन दुखणी एकमेकांत मिसळू नका. पुरळ नसलेली खाज म्हणजे एक-दोन दिवसांत तपासणी. कावीळ आणि उलट्या म्हणजे ताबडतोब रुग्णालय.

बाळाची हालचाल कमी वाटली किंवा थांबली, तर तेही लगेच जाण्याचेच कारण. "सकाळी बघू" म्हणून रात्र काढू नये.

माहेरी जाताना, आणि फडावर

आपल्याकडे पहिल्या खेपेला लेक सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. रीत चांगली आहे. पण हा आजार उद्भवतो तो नेमका याच सुमारास. सासरच्या डॉक्टरांनी केलेली तपासणी सासरच्या कपाटात राहते, माहेरच्या डॉक्टरांपुढे रिकामी पाटी. ओटीत नारळ घालता, त्याबरोबर सगळे कागद, सोनोग्राफीचा अहवाल आणि माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत घालून द्या. आणि खाज सुटली तर ती कोणाला सांगायची, हे तिला आणि तिच्या आईला आधीच सांगून ठेवा. नवी सून सासूला अंग खाजते हे सांगायला लाजते. सासूबाईंनी आपणहून विचारावे.

दुसरी गोष्ट तोडणी टोळ्यांची. गळीत हंगामात आपल्या फडावर कोयता चालवणाऱ्या बायांत कित्येक गरोदर असतात. घरदार सोडून कोपीत राहायचे, गावची आशाताई मागे राहिलेली, कार्ड घरी विसरलेले. यांच्या खाजेला 'कुसळ' म्हणणे सर्वांत सोपे, कारण त्या दिवसभर उसातच असतात. आणि दवाखान्याला गेले तर खाडा पडेल, उचल फिटायची राहील, ही भीती वेगळीच. ज्या सभासदाच्या फडात टोळी आहे त्याने आणि मुकादमाने एवढे करावे. टोळीतली कोण बाई किती महिन्यांची आहे ते जवळच्या आशाताईंना कळवावे, आणि तिला तपासणीला जाऊ द्यावे. त्या दिवसाचा खाडा धरू नये, ही आमची विनंती आहे. आपला ऊस तिच्या हातून गाळपाला जातो. तिचे बाळ आपल्या बांधावर दगावू नये.

सरकारी रुग्णालयात गरोदर बाईची तपासणी, औषधे, बाळंतपण व वाहतूक मोफत आहे. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात ती तरतूद आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर बायांची तपासणी होते. ९ तारीख लांब असेल तर तोपर्यंत थांबू नका. आज खाज तर आजच दाखवा.

बाळंतपणानंतर

बाळ झाले की ही खाज बहुधा काही दिवसांत, फार तर थोड्या आठवड्यांत जाते. बाळाला अंगावर पाजायला काहीच हरकत नाही. मात्र साधारण सहा आठवड्यांनी एल.एफ.टी. पुन्हा करावी. आकडे तेव्हाही उतरले नसतील तर यकृताचा दुसरा विकार आहे का हे शोधावे लागते.

पुढच्या खेपेस हा आजार पुन्हा होण्याचा संभव बराच असतो. म्हणून पुढच्या वेळी पहिल्याच तपासणीला "मागे कोलेस्टॅसिस झाले होते" असे सांगावे, आणि खाज सुटण्याची वाट न पाहता काय करायचे ते विचारून घ्यावे. तिच्या बहिणींनाही हे कळू द्यावे. पाळणा लांबवण्यासाठी माला-एन सारख्या संप्रेरकांच्या गोळ्या घ्यायच्या असतील, तर आधी डॉक्टरांना ही हकीकत सांगावी; गोळ्यांवर खाज सुटली तर थांबून दाखवावे. तांबी बसवायला या आजाराची आडकाठी नाही.

थोडक्यात

१) सातव्या महिन्यानंतर पुरळाशिवाय खाज, विशेषतः तळहात-तळपायांना आणि रात्री : रक्त तपासा.

२) दोन तपासण्या : एल.एफ.टी. आणि टोटल बाइल ॲसिड्स. खाज टिकली तर पुन्हा.

३) आकडा १०० वर : मोठे रुग्णालय, आणि डॉक्टर सांगतील त्या आठवड्यात बाळंतपण.

४) गोळी चालू असली तरी तारीख चुकवायची नाही.

५) पाळीची तारीख व पहिली सोनोग्राफी जपून ठेवा. माहेरी जाताना कागद बरोबर.

६) डोळे पिवळे, उलट्या, किंवा बाळाची हालचाल कमी : त्याच घटकेला १०८.

ज्यांच्या घरी गरोदर लेक-सून आहे, त्यांनी एवढे सहा मुद्दे कापून ऊस नोंदीच्या पावतीशेजारी लावून ठेवावेत. हा अंक वाचून झाला की शेजारच्या घरी द्यावा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावा. पुढील अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाचा पाठ घेऊ.